झाडू उचलण्याआधी: तबेल्यात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

तबेल्यात नवा आलेला माणूस सकाळी आधी झाडू आणि फावडं शोधतो. उत्साह चांगला, पण क्रम चुकतो. रात्रभरात घोड्याचं काय झालं ते लीद, गव्हाण आणि बादली या तीन ठिकाणी दिसतं. ते झाडून-धुऊन टाकलं, की पशुवैद्याने दुपारी विचारल्यावर सांगायला काही उरत नाही.

निरोगी घोडा दिवसातून साधारण ८ ते १२ वेळा लीद टाकतो. म्हणजे सकाळी चार-पाच ढीग दिसायला हवेत. गोळे ओलसर, जमिनीवर पडताना जेमतेम फुटणारे असावेत. ते लहान, कोरडे आणि चिकट आवरणाचे दिसले तर पाणी कमी प्यायलंय किंवा आतडं मंदावलंय असं समजा. एकच ढीग असेल तर साफसफाई बाजूला ठेवा आणि घोड्याकडे बघा. तो पुढच्या पायाने जमीन उकरतोय का? वळून स्वतःच्या कुशीकडे पाहतोय का? सारखा बसतोय-उठतोय, लोळतोय का? ही पोटदुखीची लक्षणं आहेत आणि घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे ती आपोआप जाईल या भरवशावर राहू नये. खाणं काढून घ्या, पशुवैद्याला बोलवा. तोंडातून तेल किंवा काढा ओतू नका, तो फुप्फुसात जातो.

फोन करण्याआधी नाडी मोजलेली असली तर उत्तम. जबड्याच्या हाडाखालून जाणारी धमनी बोटांनी चाचपडली की सापडते. विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४ ठोके आणि ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस तापमान ठीक. पण प्रत्येक घोड्याचा आकडा वेगळा असतो, म्हणून तो धडधाकट असतानाच दोन-चार वेळा मोजून दाराशी लिहून ठेवावा.

पाणी बादलीनेच द्या. आपोआप भरणारी भांडी सोयीची असतात, पण घोडा किती प्यायला ते त्यात कळत नाही, आणि नवशिक्याला नेमकं तेच कळायला हवं. ४५० किलोचा घोडा दिवसाला २५ ते ४० लिटर पितो, उन्हात आणि कामाच्या दिवशी त्याहून जास्त. बादलीच्या आतला बुळबुळीत थर रोज हाताने घासून काढायचा, नुसतं विसळून तो जात नाही.

वैरण कवळ्याने नव्हे, ताणकाट्याने मोजा. रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के वाळलं गवत, म्हणजे ४५० किलोच्या घोड्याला ७ ते ९ किलो. दाण्याची चंदीही मगाने मोजू नका, कारण एका मगात ओट किती बसतात आणि दाबलेल्या गोळ्या किती, यात बराच फरक पडतो. घोड्याचं पोट शरीराच्या मानाने लहान, म्हणून एका वेळी २ किलोंच्या वर चंदी नको. आणि आधी गवत, मग चंदी. खाणं बदलायचं तर ७ ते १० दिवसांत हळूहळू. गुरांचं किंवा कोंबड्यांचं खाद्य घोड्याला कधीच घालू नये: त्यात कधीकधी मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं आणि घोडा त्याने मरतो.

आता झाडू. घोडा बाहेर बांधून ओली जागा पूर्ण उपसा. काम झालं का हे उभ्याने ठरवू नका. घोडा आडवा होतो तेव्हा त्याचं नाक जिथे येतं तिथपर्यंत वाका; लघवीच्या वाफेने डोळे चुरचुरले तर अजून ओल आहे.

खरारा गोल-गोल फिरवायचा, पण फक्त मांसल भागावर. गुडघ्याखाली आणि तोंडावर मऊ ब्रश. एका हातात खरारा असताना दुसरा हात अंगावरून फिरत राहू द्या. सूज आणि गरमपणा डोळ्यांआधी हाताला कळतो. खोगीर आणि तंग बसतात तिथे कणभर माती राहिली तरी जखम होते. आयाळ संपते त्या जागी नखांनी खाजवलं, की बहुतेक घोड्यांचा वरचा ओठ लांब होऊन थरथरायला लागतो. या कामातलं हे फुकटचं सुख आहे, घाई करू नका.

खूर साफ करताना शेपटीकडे तोंड करून खांद्याजवळ उभं राहा. जमिनीवर बसू नका. खूर उकरायची आकडी टाचेकडून पुढे चालवायची. तळव्यातल्या मऊ त्रिकोणी भागाच्या दोन्ही बाजूंच्या खाचा उकरा. काळा, घाण वासाचा चिखल निघाला तर खूर सडायला लागलाय आणि मूळ कारण बहुधा ओली जमीन आहे. नुसतं औषध लावलं तर तो पुन्हा सडणार. नालबंदाची फेरी ६ ते ८ आठवड्यांनी.

नालबंद आला की तबेल्यातल्या कुत्र्यांची मेजवानी! खुराचे छिलके त्यांना भलते आवडतात. पातळ तुकडे चालतात, पण आधी जमिनीवरचे खिळे वेचा. जंतांचं औषध देण्याच्या दिवशी मात्र कुत्री बांधायचीच. आयव्हरमेक्टिनची सांडलेली पेस्ट, आणि पुढचे काही दिवस लीदसुद्धा, त्यांना विषारी ठरू शकते. कोलीसारख्या काही जातींमध्ये या औषधाला न सोसणारा जनुकीय दोष आढळतो, त्यांना धोका सर्वांत जास्त. उंदरांचं औषधही कुत्रा पोचेल तिथे नको.

‘थांब’ आणि ‘ये’ हे दोन हुकूम पक्के झाल्याशिवाय कुत्र्याला घोड्यांमध्ये मोकळं सोडू नये. लाथ बसते ती मागून धावत येणाऱ्याला. संध्याकाळी कुत्र्याच्या कानात, काखेत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल लावणं किंवा चटका देणं नको.

रात्रीच्या फेरीत बादल्या भरा आणि चंदीच्या खोलीची कडी ओढून पाहा. सुटलेला घोडा दाण्याच्या पोत्यात सापडला तर तो मजेत दिसला तरी पशुवैद्याला तेव्हाच कळवा, कारण जास्त दाण्याने होणारी खुरांच्या आतली सूज एक-दोन दिवसांनी वर येते.