‘रेड डिटॅचमेंट’ बघताना आधी हात बघा

चिनी बॅले पहिल्यांदाच बघणार असाल तर १९६४ सालच्या ‘रेड डिटॅचमेंट ऑफ विमेन’पासून सुरुवात करा. १९७० मध्ये त्यावर सिनेमा निघाला, तो बघितलात तरी चालेल. आधी इतिहास वाचत बसू नका. गोष्ट एवढीच: हायनान बेटावरची छिंगह्वा जमीनदाराच्या तावडीतून पळते आणि कम्युनिस्टांच्या महिला पलटणीत भरती होते.

मी भरतनाट्यम शिकवते, त्यामुळे माझी नजर आधी हातांकडे जाते. तुम्हीही तिथेच बघा. पाय सगळे रशियन वळणाचे. १९५४ मध्ये बीजिंगला नृत्यशाळा निघाली, सोव्हिएत गुरू आले, १९५८ मध्ये तिथे ‘स्वान लेक’ हा हंसांचा रशियन बॅले बसला. त्याच पायांवर इथे आवळलेली मूठ आली, आपली मुष्टीच म्हणा ना! चवड्यांच्या टोकावर उभ्या मुली, अर्ध्या चड्डीचा गणवेश, पोटऱ्यांना पट्ट्या, हातात बंदूक. गिरकी संपताच छिंगह्वा डोळे रोखून क्षणभर थिजते, ती लकब बीजिंग ऑपेराची, म्हणजे चीनच्या पारंपरिक संगीत नाटकाची. तिथे सिनेमा थांबवा, मागे न्या, पुन्हा बघा.

दुसऱ्या खेपेला आवाज बंद करून नुसता प्रकाश बघा. नायक उजेडात, मधोमध, ताठ; जमीनदार वाकलेला, अंधुक. हा योगायोग नव्हे. सांस्कृतिक क्रांतीच्या, म्हणजे माओंनी १९६६ पासून चालवलेल्या राजकीय मोहिमेच्या काळात, त्यांच्या पत्नी ज्यांग छिंग यांनी ‘आदर्श’ म्हणून पुढे आणलेल्या मोजक्या कलाकृतींपैकी ही एक. नायक सर्वांत ठळक दिसलाच पाहिजे, हा तिथला दंडक. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन बीजिंगला गेले, तेव्हा त्यांनाही हाच बॅले दाखवला.

मग जे नाही ते शोधा. नायक-नायिका आहेत, पण प्रेमाचं युगुलनृत्य नाही. पक्षाचा प्रतिनिधी होंग छांगछिंग आगीत मरतो, तेव्हा वाजतं ‘इंटरनॅशनल’, जगभरच्या कम्युनिस्टांचं गीत.

‘नुसता प्रचार’ म्हणून मात्र बंद करू नका. मला तरी तो आळस वाटतो. नर्तकी बाय शूश्यांग १९५८ मध्ये ‘स्वान लेक’मधली हंसिणी होती, १९६४ मध्ये पहिली छिंगह्वा. सांस्कृतिक क्रांतीत तिलाच रंगमंचावरून खाली खेचलं. सिनेमात दुसरीच नर्तकी दिसते ती त्यामुळे.

यानंतर लगेच चीनमधल्याच लानचौ शहराचं १९७९ सालचं नृत्यनाट्य लावा, ‘रेशीम मार्गावरचा पुष्पवर्षाव’. माओ जाऊन तीन वर्षं झालेली. तुनह्वांगच्या बौद्ध लेण्यांतल्या चित्रांवरून उचललेली अंगस्थिती, कंबर त्रिभंगासारखी मोडलेली, आणि नायिका पिपा हे तंतुवाद्य पाठीमागे धरून वाजवते.