धाराशिव ते संभाजीनगर, गाडी कुठं थांबवायची

धाराशिवहून निघताना पोटभर नाष्टा करूच नका राव, रस्त्यात लई खायचंय. कुंथलगिरीचा पेढा आधी, भूम तालुक्यातल्या खव्याचा, पण एकदम किलोभर बांधून घेऊ नका, एक चाखून बघा, भट्टीचा खरपूस वास आला अन् दाणेदार लागला की मग घ्या आणि उन्हात डबा डिकीत टाकू नका. दिवाळीच्या आसपास जात असाल तर बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं, जरा कडकच घ्या, घरी पिकतात. थंडीत हुरडा दिसला की थांबाच, सोबत शेंगदाण्याची चटणी अन् गूळ. बीडच्या पुढं फक्त चहा, कारण संभाजीनगरात नान खलिया खायचाय, मटणाच्या रश्शात मोठा नान बुडवून, मी तर दरवेळी त्याच्यासाठीच थांबतो.