कार्बन डॉट्स बनवताना या चुका टाळा

कार्बन डॉट्स म्हणजे प्रकाश पडला की चमकणारे कार्बनचे नॅनोकण. सायट्रिक आम्ल आणि इथिलीनडायअमीन पाण्यात मिसळायचं, ऑटोक्लेव्हमध्ये (घट्ट झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात) भरायचं, 200 अंशांच्या ओव्हनमध्ये पाच तास ठेवायचं. झाले कार्बन डॉट्स! कृती इतकी सोपी, की यूव्ही दिव्याखाली निळं चमकलं की मंडळी फोटो काढून मोकळी होतात. सगळ्यात मोठी गफलत इथेच होते.

ती चमक डॉट्सचीच असेल असं नाही. याच दोन पदार्थांपासून आयपीसीए नावाचा छोटा रेणूही बनतो आणि तोही तसाच निळा चमकतो. त्याचं वजन जेमतेम 180 डाल्टन (रेणूंचं वजन मोजायचं एकक). सेंट्रिफ्यूज करा नाहीतर 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, तो डॉट्सबरोबर सुखरूप पार होतो. त्यामुळे डायलिसिसला पर्याय नाही: छोटे रेणू बाहेरच्या पाण्यात जाऊ देणारी 1000 डाल्टनची पिशवी, पाणी बदलत निदान दोन दिवस. बाहेरचं पहिलं पाणी सिंकमध्ये ओतू नका, त्याचा वर्णपट घ्या. बाहेरचं पाणी झगझगीत आणि पिशवीतलं मलूल निघालं, तर तुमच्या हाती बहुतांशी तो छोटा रेणू, म्हणजे साधं रंगद्रव्य लागलंय. टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) गोल ठिपके दिसले तरी चमकतात ते हेच, हे त्यातून ठरत नाही. गंमत म्हणजे 2004 साली साउथ कॅरोलायना विद्यापीठात हे डॉट्स सापडले तेच मुळी नॅनोट्यूबची काजळी शुद्ध करताना!

प्रत्येक बॅच वेगळी येते? आधी ओव्हनचा आकडा विसरा. स्टीलचं जाड भांडं तापायला वेळ घेतं, म्हणून तास-दीड तासाच्या प्रयोगात आतलं द्रावण ठरलेल्या तापमानाला किती वेळ होतं ते कळतच नाही. लायनर (भांड्याच्या आतला डबा) दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. 200 अंशांला पाण्याचा दाब 15 बारच्या वर जातो, तेव्हा गरम भांडं नळाखाली धरण्याची घाईही नको. रात्रभर निवू द्या.

क्वांटम यील्ड (शोषलेल्या प्रकाशातला किती चमक होऊन परत येतो ते प्रमाण) अवाच्या सवा आलं, तर शोषकता (द्रावण किती प्रकाश अडवतं त्याचं माप) 0.1 च्या खाली आहे ना, तेवढं बघा.

आता ‘पाण्यातलं लोह ओळखणारा सेन्सर’, म्हणजे लोह मिसळलं की डॉट्सची चमक घटते, हा दावा. फेरिक आयन (पाण्यात विरघळलेलं लोहाचं एक रूप) स्वतःच 350 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतात, म्हणजे दिव्याचा उजेड डॉट्सपर्यंत पोचण्याआधीच अडतो. चमक घटते, पण त्यात डॉट्सचं कर्तृत्व काहीच नाही. नुसत्या फेरिक द्रावणाची शोषकता आधी मोजा आणि जमल्यास डॉट्सचा लाइफटाइमही (प्रकाश थांबल्यावर चमक किती वेळ टिकते ते). तो जागचा हलला नसेल, तर शोषणाची दुरुस्ती केल्याशिवाय आलेख छापू नका. शिवाय बोअरच्या पाण्याचा पीएच 7 च्या आसपास असला, तर तुम्ही टाकलेलं फेरिक बरंचसं हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं. त्यामुळे नमुना आधी आम्लधर्मी करून घ्या आणि तेवढ्याच आम्लाचा डॉट्सवर काय परिणाम होतो, त्याचा वेगळा कंट्रोल ठेवा.