पाणी बदललं आणि मासे मेले? या चुका टाळा

"काल टँकचं पाणी बदललं आणि सकाळी चार मासे उलटे पडले होते." असा फोन मला वर्षातून पाच-सहा वेळा येतो. पुढचं वाक्यही ठरलेलं, "पाणी तर एकदम काचेसारखं आहे!" पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप (आकडा कमी तितकी आम्लता जास्त), डोळ्यांना दिसत नाही, हे प्रत्येकाला नव्याने सांगावं लागतं.

दादरला माझ्या मावसभावाकडे १०० लिटरचा टँक होता. एंजल आणि टेट्रा, दोन वर्षं ठणठणीत. मग कामाच्या धावपळीत चार महिने त्याने पाणी बदललंच नाही. कमी झालं की वरून भरायचा. एका रविवारी वाईट वाटून त्याने निम्मं पाणी काढलं, क्लोरीन घालवायचे थेंब टाकून नळाचं भरलं. रात्रीपर्यंत नऊ मासे गेले. काढलेलं पाणी कुंड्यांसाठी बादलीत ठेवलेलं होतं, म्हणून तपासता आलं. पीएच ६, केएच (पीएचला घसरू न देणारे पाण्यातले कार्बोनेट क्षार) शून्य आणि माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया भरपूर.

मुंबईचं तलावांचं पाणी मुळात मऊ, त्यात केएच थोडाच. फिल्टरमधले जीवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना तोही संपवतात. केएच संपला की पीएच घसरतो, जीवाणू मंदावतात आणि अमोनिया साठू लागतो. पीएच ६ ला तो जवळजवळ सगळा अमोनियमच्या रूपात असतो, माशांना फारसा बाधत नाही. नळाच्या पाण्याने पीएच ७.५ ला गेला की त्यातला विषारी हिस्सा साधारण तीसपट होतो. भावाने निम्मं पाणी काढून अमोनिया निम्मा केला, पण विष पंधरापट वाढवलं.

म्हणून बरेच दिवस दुर्लक्षित राहिलेल्या टँकला मी आधी टेस्ट किट लावते, मग बादली. रोज १० टक्के पाणी, आठ-दहा दिवस. एका दिवसात सगळं 'साफ' करायची घाई मला अजिबात पटत नाही. चार महिने थांबलात, तर दहा दिवस आणखी थांबा.

दुसरी चूक म्हणजे पीएच कमी करायची बाटली. बोअरच्या जड पाण्यात केएच भरपूर असतो. थेंब टाकले की पीएच उतरतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. माणूस आणखी टाकतो. असं करता करता ॲसिड सगळा केएच खाऊन टाकतं आणि एका रात्रीत पीएच कोसळतो. पीएच एकने घसरला म्हणजे आम्लता दहापट झाली. लिंबू आणि व्हिनेगर टाकणाऱ्यांनाही हेच लागू. माझं स्पष्ट मत आहे, बोअरचं पाणी असेल तर गप्पी, मॉली पाळा, ते त्यात आनंदात राहतात. टेट्राच हवे असतील तर आरओचं पाणी बादलीत मिसळा, किट लावा, मगच टँकमध्ये ओता. टँक ही प्रयोगाची जागा नाही, तिथे जीव राहतात.

केएच वाढवायला खाण्याचा सोडा चालतो. १०० लिटरला ३ ग्रॅम टाकला की केएच साधारण एक अंशाने (अंश हे केएचचं एकक) वाढतो. मगभर पाण्यात विरघळवून हळूहळू ओता, दिवसाला एक अंशाच्या वर नाही.

नुसतं आरओचं पाणी भरू नका, त्यात क्षार नसतात. मऊ पाणी हवं असेल तर शंख-शिंपले बाहेर काढा. वाफ झालेल्या पाण्याच्या जागी सतत जड पाणी घातलं की क्षार साठत जातात. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळा. नवा टँक मासे टाकण्याआधी चार ते सहा आठवडे चालवा. दुकानदार "उद्याच टाका" म्हणाला तरीही.

सोसायटीत टँकरचं पाणी येऊ लागलं की मी प्रत्येक वेळी नव्याने टेस्ट करते. कालचा टँकर आणि आजचा टँकर एकाच विहिरीतून भरलेला असेलच असं नाही.