कुंडीजवळ कसे बसावे

घरच्या लहानशा बागेत आध्यात्मिक अर्थ शोधायचा म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर आधी एखादी मूर्ती, वाहते कारंजे किंवा दगडी बाक उभा राहतो. यांतले काहीही नसले तरी अडत नाही. तीन-चार कुंड्या, रोज चार-पाच तास ऊन येणारी खिडकी किंवा गच्चीचा कोपरा आणि सकाळची पंधरा मिनिटे एवढे पुरते. कुंड्या मुद्दाम कमी ठेवाव्यात. वीस झाल्या की सारा वेळ पाणी घालण्यात जातो आणि पाहणे राहून जाते. माझ्या मते या खटाटोपात पाहणे हेच मुख्य काम आहे. अर्थ त्याच्या मागून, आला तर येतो.

निदान एक रोप बियांपासून वाढवलेले असावे. त्यासाठी घेवडा सोयीचा, कारण त्याचे बी मोठे असते आणि उबदार हवेत साधारण आठवडाभरात वर येते. बी बोटाच्या एका पेराइतके खोल पुरावे, माती ओलसर ठेवावी आणि उकरून पाहण्याचा मोह आवरावा. वर काहीच दिसत नसते त्या दिवसांत आत मूळ फुटून खाली वळलेले असते. बी उलटे पडले तरी ते चुकत नाही, कारण मुळाच्या टोकावरील पेशींतले पिष्टाचे कण गुरुत्वाकर्षणामुळे खालच्या अंगाला बसतात आणि त्यावरून मुळाला दिशा कळते. कोंबाची रीत आणखी पाहण्यासारखी आहे. तो शेंडा पुढे करून माती फोडत नाही. मान वाकवतो आणि त्या बाकाने माती वर ढकलतो, म्हणून मागून येणारी कोवळी पाने शाबूत राहतात. उजेड लागला की मान हळूहळू सरळ होते. यातून नम्रतेचा धडा लगेच काढण्याची घाई करू नये. दोन दिवस नुसते पाहत राहावे.

वेळ शक्यतो उजाडतानाची ठेवावी आणि मोबाइल घरात ठेवावा. रात्री माती ओली आणि हवा दमट असेल, तर टोमॅटोच्या पानांच्या कडेने ओळीने थेंब दिसतात. आपण त्यांना सहज दव म्हणतो. पण दव पानभर पसरते, आणि शिरांच्या टोकांशी मण्यांसारखे थांबलेले हे थेंब मुळांनी रात्रभर वर चढवलेल्या पाण्याचे असतात. श्वासावर लक्ष ठेवण्याची, नामस्मरणाची किंवा प्रार्थनेची सवय असणाऱ्यांनी ती इथेच करावी. नसणाऱ्यांनी एकाच पानावर नजर ठेवून बसले तरी चालते. मन भरकटले की पुन्हा पानाकडे यावे.

पाणी घालण्यापूर्वी दोन पेरे बोट मातीत घालून पाहावे आणि ओल लागली तर झारी खाली ठेवावी. हा नियम मी एक गुलाब गमावून शिकलो. त्याची पाने मलूल दिसली म्हणून मी रोज पाणी वाढवत गेलो. शेवटी कुंडी उपडी केली तेव्हा मुळे काळी पडून कुजली होती. मुळांनाही प्राणवायू लागतो आणि सतत साचलेल्या पाण्यात तो त्यांना मिळत नाही. रोपाची तहान आणि आपली काळजी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ओळखणे मला आजही सोपे जात नाही. झारी हातात घेतल्यावर क्षणभर थांबून हे आपण कोणासाठी करतो आहोत, असे विचारण्याची सवय तेव्हापासून लागली.

खालचे एखादे पान पिवळे पडले तर ते लगेच खुडू नये. जुने पान गळण्याआधी त्यातले बरेचसे नत्र रोप काढून घेते आणि वरच्या नव्या पालवीला पुरवते. पान आपसूक सुटले की ते आणि वाळलेली रोपे, तळाला भोके असलेल्या बादलीत भाजीच्या देठांसोबत थर देऊन टाकावीत. वास येऊ लागला तर ओल जास्त झाली असे समजून सुकी पाने मिसळावीत. काही महिन्यांत काळसर, भुसभुशीत खत होते; त्यात कालचे पान शोधूनही सापडत नाही. मृत्यूविषयी बोलणे जड जाणाऱ्यांनी ही बादली अधूनमधून हाताने ढवळावी.

घराबाहेरही एक झाड ठरवावे आणि आठवड्यातून एकदा त्याच झाडाजवळ जावे. निरनिराळी रम्य ठिकाणे हिंडण्यापेक्षा, एकाच झाडाची पानगळ, पालवी आणि फुले वर्षभर पाहणे अधिक खोल जाते.

वहीत रोज तारीख आणि एकच ओळ लिहावी. तीही पाहिल्याची, विचारांची नव्हे. पुढच्या वर्षी त्याच तारखेला ती ओळ काढून वाचावी. माझ्या वहीतली एक ओळ अशी आहे : तिसऱ्या कुंडीत मान सरळ झाली, डोक्यावर अजून मातीचे ढेकूळ आहे.