फिर्याद दिली, पुढे काय? तपासाची माहिती हक्काने कशी मिळवावी

तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत मी विधी स्वयंसेवक म्हणून बसते. समोर येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं: "तक्रार दिलीय, पण पुढे काय झालं ते कुणी सांगतच नाही."

मागे एक मावशी आल्या होत्या. घरफोडीत पोत आणि कानातले गेले होते. दीड वर्ष त्या तपास चालू आहे असं धरून बसल्या होत्या. कोर्टातले कागद काढून पाहिले, तर पोलिसांनी तपास बंद करायचा अहवाल, म्हणजे 'अ' समरी पाठवलेली: गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही. मावशींच्या नावाची कोर्टाची नोटीसही निघाली होती. तिच्या मागे बजावणी करणाऱ्याचा शेरा होता: "सदर महिला दिलेल्या पत्त्यावर मिळून येत नाही." मधल्या काळात त्यांनी भाड्याची खोली बदलली होती, आणि नवा पत्ता पोलीस ठाण्यात द्यायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तो कागद बराच वेळ हातात धरून त्या म्हणाल्या, "म्हणजे बोलावलं होतं मला?"

तुमच्या बाबतीत असं होऊ नये म्हणून काय करायचं ते इथे लिहिते आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिने पीडिताला जुन्या कायद्यापेक्षा बरंच जास्त दिलं आहे. फक्त ते मागून घ्यावं लागतं.

हातातला कागद कोणता ते आधी बघा

निम्मा घोळ इथेच होतो. पोलीस ठाण्यात साधा अर्ज देऊन आवक शिक्का मारून आणला, तर तो तक्रार अर्ज झाला, गुन्हा नव्हे. 'एनसी' लिहिलेली पावती मिळाली असेल, तर प्रकरण अदखलपात्र म्हणून नोंदलं आहे, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करत नाहीत. अशा पावतीवर वर्षभर वाट पाहणारी माणसं मी पाहिली आहेत. तपास सुरू होतो तो एफआयआर झाल्यावर. तिच्यावर गुन्हा रजिस्टर नंबर म्हणजे 'गु.र.नं.', वर्ष आणि कलमं असतात.

एफआयआरची प्रत फुकट मिळते. पूर्वी ती फक्त फिर्यादीला द्यायची तरतूद होती. कलम १७३ मध्ये आता 'किंवा पीडित' असंही म्हटलं आहे. फिर्याद भावाने दिली आणि मार तुम्ही खाल्ला असेल, तरी प्रत तुम्हालाही मागता येते. पीडित या शब्दात पालक आणि कायदेशीर वारसही येतात, त्यामुळे खुनाच्या गुन्ह्यात मयताच्या घरच्यांना हे सगळे हक्क आहेत.

पोलीस गुन्हाच नोंदवून घेत नसतील, तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज करा. तिथेही काही झालं नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

सांगायचं कुणी?

सरकारी वकील आपल्याला सगळं कळवतील अशी अनेकांची समजूत असते. तपास चालू असेपर्यंत मात्र आपल्याकडे ही जबाबदारी पोलिसांची आहे. सरकारी वकिलाशी तुमची गाठ साधारण जामिनाच्या अर्जापासून पडते आणि दोषारोपपत्र (चार्जशीट) आल्यावर ती पक्की होते. म्हणून सुरुवातीला तपास अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि ठाण्याचा फोन नंबर लिहून घ्या. अधिकाऱ्याची बदली झाली की तपास दुसऱ्याकडे जातो. नवं नाव ठाणे अंमलदाराकडून विचारून घ्या.

कलम १९३ सांगतं की तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं. कसं कळवायचं याची अट नाही. मेसेज, ईमेल, पत्र, काहीही चालतं. त्यामुळे एफआयआरमधला तुमचा मोबाइल नंबर बरोबर आहे का, हे सही करण्याआधी वाचा. एक आकडा चुकला तर तुम्हाला आलेला निरोप भलत्याच फोनवर जातो.

गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधी नोंदला गेला असेल तर तपास जुन्या संहितेप्रमाणे चालतो आणि ही ९० दिवसांची ओळ त्यात नाही. पण लखीमपूर खेरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये स्पष्ट म्हटलं की तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताला आपलं म्हणणं मांडायचा हक्क आहे. जुन्या गुन्ह्यातही या निकालाचा आधार घेता येतो.

अर्ज असा लिहा

तोंडी विचारलं की तोंडी उत्तर मिळतं: "तपास चालू आहे." लेखी विचारा. कोरा फुलस्केप कागद पुरतो, स्टँप लागत नाही, वकीलही लागत नाही. मी लोकांना साधारण असा मजकूर लिहून देते:

"प्रति, पोलीस निरीक्षक. विषय: गु.र.नं. अमुक, सन अमुक, यातील तपासाच्या प्रगतीची माहिती मिळणेबाबत. मी वरील गुन्ह्यातील फिर्यादी / पीडित आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १९३(३) प्रमाणे पुढील माहिती मिळावी. १) तपास अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा. २) आरोपी अटक आहे काय, असल्यास तारीख. ३) आरोपीने जामीन अर्ज केला असल्यास न्यायालय व पुढील तारीख. ४) जप्त मुद्देमालाचा तपशील. ५) दोषारोपपत्र किंवा समरी न्यायालयात पाठविली असल्यास तारीख. माझा सध्याचा पत्ता व मोबाइल नंबर खालीलप्रमाणे असून यापुढील सर्व नोटिसा याच पत्त्यावर मिळाव्यात."

शेवटची ओळ विसरू नका. मावशींच्या प्रकरणात नेमकी तीच राहिली होती.

अर्जाच्या दोन प्रती काढा. एक बारनिशीत, म्हणजे ठाण्याच्या आवक-जावक टेबलावर द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या. ही पोच म्हणजे पुढच्या सगळ्या लढाईचा पाया. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवा. पोच द्यायला टाळाटाळ झाली, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. उत्तर आलं नाही तर पोलीस अधीक्षकांना, शहरात असाल तर पोलीस आयुक्तांना, पोचीची झेरॉक्स जोडून स्मरणपत्र द्या.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. केस डायरी (पोलिसांची तपासाची रोजची नोंद) आणि साक्षीदारांचे जबाब तपास चालू असताना तुम्हाला मिळणार नाहीत, आणि त्यावरून ठाण्यात वाद घालू नका. तुमचा हक्क तपास कुठवर आला हे कळण्याचा आहे.

जबाबासाठी बोलावणं आलं तर हेही लक्षात असू द्या: स्त्रिया, १५ वर्षांखालची मुलं, ६० वर्षांवरचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना साक्षीदार म्हणून पोलीस ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. जबाब घरी येऊन घ्यावा लागतो. बलात्काराच्या गुन्ह्यात पीडितेचा जबाब तिच्या घरी किंवा तिने निवडलेल्या जागी घेतला जातो, शक्यतो महिला अधिकाऱ्याकडून.

समरीची नोटीस आली तर

महाराष्ट्रात तपास बंद करण्याच्या अहवालाला समरी म्हणतात. 'अ' म्हणजे गुन्हा खरा पण शोध लागत नाही. 'ब' म्हणजे फिर्यादच खोटी. 'क' म्हणजे गैरसमजातून झालेली, किंवा मूळात दिवाणी स्वरूपाची तक्रार. 'ब' समरी सगळ्यात जड, कारण ती मंजूर झाली तर खोटी फिर्याद दिली म्हणून तुमच्यावरच कारवाई होऊ शकते.

पोलिसांनी समरी पाठवली म्हणून प्रकरण संपत नाही, ती न्यायदंडाधिकाऱ्यांनी मंजूर करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितलं आहे की अहवाल मान्य करण्याआधी फिर्यादीला नोटीस देऊन ऐकून घेतलं पाहिजे. नोटीस मिळाली की त्या तारखेला हजर राहा. "मला समरी मान्य नाही" एवढं बोलून थांबू नका, लेखी हरकत द्या. वकील तिला प्रोटेस्ट पिटिशन म्हणतात. त्यात भावना कमी आणि राहिलेली कामं जास्त लिहा: अमक्या दुकानाचा सीसीटीव्ही पाहिला नाही, अमक्या साक्षीदाराचा जबाब घेतला नाही, मोबाइलचे कॉल रेकॉर्ड मागवले नाहीत. न्यायाधीश अशाच मुद्द्यांवर पुढच्या तपासाचा आदेश देऊ शकतात.

जामिनाची तारीख

आरोपी सुटून गावात फिरताना दिसतो तेव्हाच जामीन झाल्याचं कळतं, हा अनुभव फार वाईट असतो. काही गुन्ह्यांत कायद्याने हे घडूच नये अशी व्यवस्था केली आहे. अ‍ॅट्रॉसिटीच्या, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराच्या प्रकरणात त्या कायद्याच्या कलम १५-अ प्रमाणे जामिनासह प्रत्येक कामकाजाची वेळेवर सूचना मिळण्याचा पीडिताला हक्क आहे, आणि ती देण्याची जबाबदारी विशेष सरकारी वकिलावर किंवा राज्य शासनावर आहे. ही सूचना न देता दिलेल्या जामिनाला वरच्या न्यायालयात आव्हान देता येतं. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात अटक, अर्ज आणि कोर्टाच्या कामाची माहिती मुलाला आणि पालकांना द्यायची असते; मुंबई उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये जामीन अर्जाची नोटीस पीडिताच्या बाजूला देण्याबाबत स्पष्ट निर्देश दिले.

बाकीच्या गुन्ह्यांत मात्र नजर तुम्हीच ठेवायची. ई-कोर्ट्स अ‍ॅपवर एफआयआर नंबर आणि पोलीस ठाणं टाकून शोधलं की कोर्टात आलेलं प्रकरण बहुतेक वेळा सापडतं, पुढच्या तारखेसकट. तारीख सापडली की सरकारी वकिलांना आदल्या दिवशीच भेटा. कोर्टात त्यांच्या टेबलावर चाळीस फायली असतात, ऐन पुकाऱ्याला तुमचं म्हणणं ऐकायला त्यांना सवड नसते. धमकी आली असेल तर ती कधी, कुणी, कोणत्या नंबरवरून दिली हे एका कागदावर लिहून द्या. जामिनाला विरोध करताना त्यांना हाच कागद उपयोगी पडतो.

दोषारोपपत्र आल्यावर

इथे एक बारीक अट आहे, आणि तिच्यामुळे अनेकांचा हक्क हातचा जातो. कलम २३० प्रमाणे आरोपी कोर्टात हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत दोषारोपपत्राची प्रत पीडितालाही मिळते, पण पीडिताच्या वतीने वकील उभा असेल तरच. म्हणून वकीलपत्र आधी दाखल करा.

"वकिलाला पैसे कुठून आणू?" हा पुढचा प्रश्न असतोच. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. तालुका किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा कार्यालय असतं, नाहीतर १५१०० या नंबरवर फोन करा. तुमचा वकील सरकारी वकिलाला मदत करतो, त्यांच्या सूचनेप्रमाणे काम करतो आणि न्यायालयाच्या परवानगीने शेवटी लेखी युक्तिवाद देतो. सरकारने खटलाच मागे घ्यायचा ठरवला, तर कलम ३६० प्रमाणे पीडिताला ऐकल्याशिवाय न्यायालय परवानगी देऊ शकत नाही.

नुकसानभरपाईसाठी निकालाची वाट बघायची गरज नसते. बलात्कार, पोक्सो, अ‍ॅसिड हल्ला अशा प्रकरणांत मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो. या गुन्ह्यांत सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने प्रथमोपचार आणि औषधोपचार मोफत आणि ताबडतोब द्यायचे असतात.

मावशींना आम्ही वरच्यासारखाच अर्ज लिहून दिला: नवा पत्ता, लेकाचा मोबाइल नंबर, आणि आरोपी किंवा मुद्देमाल सापडल्यास कळवावं अशी विनंती. 'अ' समरीत पुढे धागा मिळाला तर तपास पुन्हा उघडता येतो. पोचीचा शिक्का जरा पुसट उमटला होता. मावशींनी तो उजेडात धरून पाहिला आणि खिडकीतून कागद परत आत सरकवला: "साहेब, परत एकदा मारा. नीट दिसू द्या."