सिलिअ‍ॅकमध्ये मांड्या दुखतात, हातपाय गळतात? या चुका टाळा

सिलिअ‍ॅक म्हणजे गहू-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार. त्याचं निदान होऊन मला ९ वर्षं झाली. तेव्हापासून महिन्यातून एकदोनदा तरी कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "ताई, गहू सोडून चार महिने झाले, तरी जिना चढवत नाही." "जुलाब थांबले, मग अंग का दुखतंय?" "रात्री पोटऱ्यांत गोळे येतात हो." मी पाचसात प्रश्न विचारते आणि बहुतेक वेळा त्याच त्या चुका निघतात. मी डॉक्टर नाही. पण माझी जवळजवळ दोन वर्षं याच चुकांत गेली, म्हणून हे लिहिते आहे.

अशक्तपणा म्हणून सोडून देणं

सगळ्यात जास्त चीड मला या शब्दाची येते. अशक्तपणा आहे, टॉनिक घ्या, दूध प्या, विश्रांती घ्या, झालं. अहो, अशक्तपणा हे काही निदान नव्हे. ग्लुटेनमुळे लहान आतड्यातले रसांकुर, म्हणजे अन्नरस शोषणारे बारीक उंचवटे, झिजून सपाट होतात. लोह आणि कॅल्शियम प्रामुख्याने याच आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून शोषलं जातं, आणि नासधूस सर्वांत जास्त तिथेच होते. स्निग्ध पदार्थ नीट पचले नाहीत की त्यांच्यासोबत 'ड' जीवनसत्त्वही निसटतं. प्रत्येक कमतरतेचं दुखणं वेगळं असतं. लोह कमी असेल तर दम लागतो, चार पायऱ्यांत छाती धडधडते. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम कमी असेल तर गोळे येतात, बोटं वाकडी होऊन आखडतात. बी-१२ कमी असेल तर तळव्यांना मुंग्या येतात. जुलाब चालू असताना पोटॅशियम उतरलं तर पायातला जोरच जातो.

माझं 'ड' कमी होतं. त्याची खूण मला तेव्हा कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. निदानाच्या आधीच्या वर्षी गौरी जेवायच्या दिवशी मी पाटावर बसले आणि उठताच येईना. गुडघे दुखत नव्हते, मांड्यांत ताकदच नव्हती. शेवटी शेजारच्या टेबलाचा पाय धरून, दुसरा हात मांडीवर रेटून उठले. सासूबाई म्हणाल्या, वजन कमी झालंय, खात जा नीट. पुढे एसटीची पायरी चढताना मी दांडीला लोंबकळून स्वतःला वर ओढायला लागले. वरच्या फळीवरचा कुकर काढायला हात उचलेना. मांड्या, कंबर, खांदे हे मोठे स्नायू आधी कमजोर होतात आणि हाताच्या मुठीत मात्र जोर असतो, म्हणून घरच्यांना तुम्ही धडधाकट दिसता.

मला आधी वर्षभर वाताच्या नावाखाली वेदनाशामक गोळ्या मिळाल्या. नंतर एका डॉक्टरांनी नडगीच्या हाडावर अंगठा दाबला आणि मी ओरडले. त्यांनी लगेच 'ड', कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि पॅराथायरॉइडची तपासणी लिहून दिली. हाडं मऊ पडली होती, स्नायूंचं दुखणं त्याच्याच जोडीने आलेलं. शरीराला 'ड' का मिळत नाही याचा शोध घेता घेता सिलिअ‍ॅक सापडला. पोटाची तक्रार मला फारशी नव्हतीच.

म्हणून माझी सवय अशी: कुणी दुखतंय म्हणालं की मी आधी रिपोर्ट मागते. हिमोग्लोबिनवर समाधान मानू नका, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघा. 'ड', बी-१२, फॉलिक अ‍ॅसिड, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम बघा. थायरॉइड हवंच, कारण सिलिअ‍ॅकवाल्यांत थायरॉइडचा ऑटोइम्यून, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं असा आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो आणि त्यानेही स्नायू दुखतात. स्नायूंनाच सूज आहे का, हे कळायला सीपीके ही रक्ततपासणी. कोणत्या तपासण्या करायच्या हे तुमचे डॉक्टर ठरवतील, पण विचारायचं काम तुमचं आहे.

पोळी सोडली म्हणजे गहू सोडला, असं समजणं

ही माझी दुसरी चूक, आणि हिने मला आठ महिने रडवलं. निदानानंतर मी पोळी, रवा, मैदा, शेवया, लापशी सगळं बंद केलं. ज्वारीची भाकरी, भात, वरईचे तांदूळ, राजगिरा यांवर आले. 'ड'ची आणि कॅल्शियमची औषधं चालू होती. तीन महिने बरं वाटलं, मग गाडी अडली. सहा महिन्यांनी टीटीजी ही सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी केली तर जो आकडा उतरायला हवा तो जेमतेम हललेला, आणि मांड्या पुन्हा ठणकायला लागलेल्या. मी अगदी कोलमडले. इतकं पाळूनही काही होत नाही, तर पाळायचं तरी कशाला, असं वाटायचं.

आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, पीठ कुठे दळता? मी म्हटलं, कोपऱ्यावरच्या गिरणीत. त्या म्हणाल्या, उद्या जाऊन नुसत्या उभ्या राहा आणि बघा. गेले. माझ्या पुढे एका बाईंचे पाच किलो गहू दळून झाले. गिरणीवाल्याने पाट्याला दोन टपल्या मारल्या आणि त्याच तोंडात माझी ज्वारी ओतली. पहिलं पीठ खाली आलं ते पिवळसर पांढरं, गव्हाचंच. डब्याच्या तळाशी ते माझ्या डोळ्यांदेखत पडलं आणि वरून ज्वारीचं पीठ येत राहिलं. सगळीकडे हेच चालतं, त्या माणसाचा काही दोष नाही. पण मी दर पंधरा दिवसांनी हेच घरी आणत होते.

याच्याकडे एवढंसं म्हणून बघू नका. मध्यम आकाराच्या एका पोळीत साधारण ३ ग्रॅम ग्लुटेन असतं. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेलं तर सिलिअ‍ॅकवाल्याच्या आतड्याला इजा होते, हे संशोधनात दिसलेलं आहे. म्हणजे पोळीचा साठावा भाग. लाटताना पोळपाटावर जी पिठी उरते, तेवढं.

घरी येऊन मी स्वयंपाकघर उपसलं. हिंगाच्या डबीवरचं बारीक अक्षर मुलाला वाचायला लावलं: हिंग, डिंक, गव्हाचं पीठ. आमच्याकडे वरणाला हिंग, भाजीला हिंग, ताकाला हिंग! डबीतला हिंग बहुतेक वेळा पीठ मिसळलेला असतो. काहींत तांदळाचं पीठ असतं, ते चालतं, पण वाचल्याशिवाय कळत नाही. खडा हिंग म्हणून मिळतो तोही दर वेळी शुद्ध असेल असं नाही. मग मेतकूट पाहिलं, त्यात गहू. थालीपिठाच्या भाजणीत गहू. सातूच्या पिठात तर गहू असतोच, आणि खरे सातू म्हणजे जव, तेही आपल्याला चालत नाहीत. विकतच्या गोड्या मसाल्यात तोच हिंग.

आता माझी पद्धत सांगते. घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधीच पडत नाही. जिला परवडत नाही तिने दोनतीन कुटुंबांत मिळून घ्यावी. लाकडी पोळपाट-लाटणं, चाळण, परात वेगळी. लाकडात पीठ मुरतं. घरच्यांच्या पोळ्या होण्याआधी माझी भाकरी. पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहिलेलं असेल तर आपल्याकडच्या नियमाने किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावं लागतं, त्यामुळे ते पाकीट मी घेते. "गहू नाही" असं दुकानदाराने तोंडी सांगितलं तर घेत नाही. पुढच्या सहा महिन्यांत टीटीजी निम्म्याच्या खाली आला आणि मी पाटावरून टेबल न धरता उठले.

एवढं सांगूनही काही जण विचारतात की सणाच्या दिवशी एक पुरणपोळी चालेल ना. नाही चालणार. तांदळाच्या पिठाची करा, आमच्याकडे होते.

ताकदीसाठी माल्टची पावडर

माझ्या नात्यातला एक कॉलेजातला मुलगा. निदान झालं, आईने काळजीने रोज दोन वेळा दुधात चॉकलेटच्या चवीची पावडर सुरू केली. माल्ट म्हणजे मोड आणलेले जव. मुलाचे पाय दुखायचे म्हणून ती आणखी एक चमचा वाढवायची. त्या माउलीला डब्यावरचं वाचून दाखवलं तेव्हा ती रडलीच. जिममधल्या प्रोटीन पावडरीही अशाच वाचून घ्या. घरचं नाचणीसत्त्व उत्तम, नाचणी निवडून-धुऊन घरी दळलेली हवी.

'ड'ची गोळी रोज घेणं

६०,००० युनिटची गोळी बहुधा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे असते. ती रोज घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. लवकर बरं व्हायचं म्हणून! रक्तात कॅल्शियम वाढतं, तहान, उलट्या, बद्धकोष्ठ होतं आणि अशक्तपणा आणखी वाढतो. उलट काहींचं आतडं इतकं झिजलेलं असतं की गोळी लागूच पडत नाही, मग डॉक्टर इंजेक्शन देतात. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी हवीच. मी माझी गोळी रविवारी दुपारी, तूप-भात खाल्ल्यावर घ्यायची आणि कॅलेंडरवर खूण करायची.

आता भराभर. लोहाची गोळी चहासोबत नको, कॅल्शियमसोबतही नको. मी लोह सकाळी लिंबू-पाण्याबरोबर आणि कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर घेते. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, आणि या दोन्हींपासून चार तास लांब. मॅग्नेशियम कमी असेल तर कॅल्शियम-पोटॅशियम कितीही घ्या, वर येत नाही. वेदनाशामक गोळी मनाने रोज घेऊ नका, जठर आणि किडनी दोन्ही पोळतात. ग्लुटेन-फ्री बिस्किटांवर जगू नका, त्यात स्टार्च-साखरच जास्त. तीळ, गूळ-शेंगदाणे, अंडी, डाळी खा. आणि निदानाच्या आधीच गहू सोडू नका, तपासणी खोटी निगेटिव्ह येते आणि मग पुन्हा काही आठवडे गहू खाऊन ती करावी लागते.

एक तर अजिबात हलायचं नाही, नाही तर पहिल्याच आठवड्यात धावायचं

तरुण मुलं दुसरी चूक करतात. हाडं मऊ असताना वजनं उचलली, उड्या मारल्या तर हाडाला तडा जाऊ शकतो. आधी रिपोर्ट सुधारू द्या, डॉक्टरांना विचारा. माझा व्यायाम खुर्चीचा होता. भिंतीला टेकवलेली हात नसलेली खुर्ची, हात छातीवर घडी, आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता-बसता येतं ते मोजायचं. पहिल्या दिवशी ४ वेळा झालं. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहिलं. महिन्याने ५. तिसऱ्या महिन्यातही ५, तेव्हा फार निराश झाले होते. वर्षाने १२. मोठ्या माणसांचं आतडं भरून यायला वर्ष, कधी दोनतीन वर्षंही लागतात आणि स्नायू त्याच्या मागून येतात. सहा आठवड्यांत फरक नाही म्हणून डॉक्टर बदलणारे लोक माझ्याकडे येतात तेव्हा मी त्यांना ते दार दाखवते.

पण काही गोष्टींत धीर धरू नका. दिवसागणिक वाढणारा कमजोरपणा, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, छातीत धडधड आणि पाय लुळे पडणं, लघवी गडद चहासारखी होणं, एकाच बाजूचा हातपाय जाणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, चालताना तोल जाणं. यातलं काहीही झालं तर सिलिअ‍ॅकचंच असेल असं म्हणत घरी बसू नका, लगेच दवाखाना गाठा. सोबत सगळे जुने रिपोर्ट न्या आणि दाखल करून घेताना पहिल्यांदा सांगा की मला सिलिअ‍ॅक आहे, माझ्या ताटात गहू येता कामा नये.